आक्काची अवस

मी पोटासाठी पत्रिका छापतो आणि त्यातल्या एकाही पत्रिकेवर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला भोळा समजायला नको. मालवणात स्टँडपासून पाच मिनिटांवर माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, लॅमिनेशन आणि जन्मपत्रिका. जन्मतारीख, वेळ, गाव टाकायचं, बटण दाबायचं, की बारा पानं बाहेर. चंद्र कुठे, मंगळ कुठे, माणूस रागीट की शांत, सगळं तयार लिहिलेलं असतं. एकदा गंमत म्हणून मी दुकानातल्या मांजराची पत्रिका काढली होती. 'उत्तम वक्ता, जलप्रवासाचा योग' असं आलं. ग्रहताऱ्यांबद्दल थोडाफार आदर शिल्लक होता, तोही त्या दिवशी संपला.

इथे लोक टाकतात ते भुताटकीचे अनुभव मी नेहमी वाचतो. बहुतेकांत निर्मनुष्य रस्ता असतो, पांढरी साडी असते, गाडी आपोआप बंद पडते… माझ्याकडे यातलं काही नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, आणि त्यात कुणी भूत असलंच तर ते मी आहे. वाचून झाल्यावर शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घाला.

आमचं घर आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. घरात दोघंच — मी आणि माझी थोरली बहीण. तिला मी आक्का म्हणतो, वाडीतले लोकही आक्काच म्हणतात. आक्का बावीस-तेवीस वर्षांची असताना तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा वेंगुर्ल्याचा, शाळेत शिक्षक. साखरपुडा झाला, साड्या आल्या, आणि लग्नाला तीन आठवडे राहिले असताना तिकडून निरोप आला — नको. मध्यस्थ अंगणात उभा राहून चाचरत सांगत होता. मुलगी अवसेच्या दिवशी जन्मलेली, अवस आली की भिंतीकडे तोंड करून बसते, बोलत नाही, जेवत नाही, असं त्यांच्या कानावर आलं होतं. सांगणारा तुमच्याच भावकीतला, म्हणाला.

अमावास्येचा जन्म खरा. बाकी सगळं धादांत खोटं. आक्का तेव्हा इतकी हसायची की आईला लाज वाटायची.

भावकीतला माणूस म्हणजे वसंतकाका. वडिलांचा चुलतभाऊ, आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो. मोठ्या आवाजाचा, मस्करी करून दुसऱ्याला रडवणारा. त्याने असं का केलं ते दोन महिन्यांनी कळलं, जेव्हा त्याच शिक्षकाशी काकाच्या मेव्हणीचं लग्न लागलं. आम्हाला आमंत्रण होतं. वडील जाऊन जेवून आले. त्यांना ते कसं जमलं, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि त्यानंतरच्या अमावास्येला आक्का खरोखरच मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसली.

आदला दिवस, अवस आणि दुसरा दिवस. तीन दिवस ती तशी बसायची. बोलणं नाही, जेवण नाही. फक्त हात चालायचे. आक्का नारळाच्या झावळ्यांपासून हीर, म्हणजे पातीच्या मधल्या काड्या, काढून केरसुण्या बांधते, तेच तिचं काम. त्या तीन दिवसांत मांडीवर ना झावळी ना कोयती, पण डाव्या हाताने पात धरून उजव्या हाताने सोलावी तसे हात हवेत हलत राहायचे. मागे खाडी असल्यामुळे बाहेरच्या कुणाला ते दिसत नसे, आणि आम्ही कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी उठून आंघोळ करायची, पेज प्यायची, आणि 'तुका त्रास झालो मा रे बाळा?' असं मलाच विचारायची. वर्षाचे बारा महिने, अशी तेवीस वर्षं. मी लग्न केलं नाही. आक्काला त्या पडवीत टाकून मुंडावळ्या बांधणं मला जमलं नसतं.

माझं लॉजिक पक्कं होतं. चंद्राचा काही संबंध नाही, लोकांनी जे तोंडावर फेकलं ते तिने अंगाला लावून घेतलं. कुडाळच्या डॉक्टरांनीही डिप्रेशन म्हटलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती भिंतीकडे तोंड करून झोपायची, एवढाच फरक. घरातलं कॅलेंडर काढून टाकलं, तरी तिला कळायचंच. मग मला वाटलं खाडीवरून कळत असेल, कारण अवसेला उधाणाचं पाणी आमच्या माडांपर्यंत चढतं. पण तेवढंच पाणी पौर्णिमेलाही चढतं, आणि पौर्णिमेला आक्का ठणठणीत. दुकानात येणारे एक निवृत्त गृहस्थ मला समजवायचे, चंद्र एवढा समुद्र उचलतो, माणसाच्या अंगात तर पाणीच पाणी. मी विचारायचो, मग आमच्या विहिरीला भरती आलेली पाहिलीत का कधी? ते रागावून झेरॉक्स घेऊन जायचे.

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर वसंतकाका दुकानात आला. भावकीत असंच असतं, मनात काही असो, येणं-जाणं चालूच.

"बाळा, माझी पत्रिका काढून दी रे," म्हणाला. "जुनी व्हती ती वाळवीन खाल्ल्यान. साठीशांत आसा, भटजींका पत्रिका व्हयी."

मी तारीख-वेळ लिहून घेतली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. काका पायरीवर जाऊन थांबला, वळला आणि त्या दोघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आक्का बरी मा? की अजून भितीवांगडा गजाली मारता?"

भिंतीशी गप्पा, म्हणजे त्याचीच जुनी थाप. आणि पोट हलवत हसला. ती दोघं माणसं आक्काला ओळखतही नव्हती, पण तीही हसली. मी हसलो नाही. मी म्हटलं, परवा या, तयार ठेवतो.

त्या दुपारी मी शटर अर्धं ओढून बसलो. सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा ट्रायल म्हणून पहिली पत्रिका मी आक्काची काढली होती, ती फाईल होतीच. काकाचा जन्म शुक्ल अष्टमीचा निघाला. अष्टमी खोडून अमावास्या टाइप केली. कुंडलीतला चंद्र उचलून सूर्य होता त्याच घरात नेऊन ठेवला. आणि 'चंद्र व स्वभाव' हे आख्खं पान आक्काच्या फाईलमधून कॉपी-पेस्ट केलं, वरचं नाव तेवढं बदललं. पान पूर्ण वाचलंही नाही, अमावास्येचा परिच्छेद आहे ना एवढंच पाहिलं. काकाला स्वतःची तिथी ठाऊक नव्हती, आणि ज्यांना ठाऊक असेल ते सगळे केव्हाच वर गेले होते. मला फक्त एवढंच हवं होतं, की भटजींनी ते सगळ्या भावकीसमोर वाचावं आणि एकदा त्याचं तोंड उतरलेलं मला दिसावं.

तसं झालं नाही. साठीशांतीच्या दिवशी भटजींनी वाचलं — "अमावास्येचा जन्म. त्या सुमारास जातक खिन्न, एकांतप्रिय, मौन धारण करणारा." काका म्हणाला, "माका आणि मौन? भटजींनू, तुमचो चंद्र वाट चुकलो." सगळा मांडव हसला. मी कोपऱ्यात केळीच्या पानासमोर बसून दात खात राहिलो.

पण दोष निघालाच आहे तर देवाला सांगून टाकू, असं ठरलं. आमच्या वाडीत कुठलीही गोष्ट देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय पुरी होत नाही. मग भावकी देवळात गेली. गुरवाने माझ्या दुकानात छापलेली ती पत्रिका तबकात घालून देवासमोर ठेवली आणि मोठ्याने सुरुवात केली.

"हे देवा महाराजा… आज ह्या तुझ्या लेकराक साठ वर्सां पुरी झाली…"

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

"त्येची ही पत्रिका तुझ्या पायाकडे ठेवलेली आसा. ह्या कागदार जां काय बरा-वायट लिवलेला आसा, तां त्येचा म्हणान तू मानून घे…"

"व्हय महाराजा."

"तां दुसऱ्या खंयच्याय लेकराच्या वाटेक घालू नको. त्येचा त्येकाच पावंदे…"

"व्हय महाराजा."

मीही म्हटलं. तोंडाची सवय असते, लहानपणापासून म्हणत आलोय. तिसऱ्यांदा तर मी जरा जोरातच म्हटलं.

बारा दिवसांनी अमावास्या होती. आदल्या दिवशी मी दुपारीच घरी आलो, कारण त्या तीन दिवसांत दुपारी तिच्याजवळ कुणीतरी असावं लागतं. मागच्या पडवीत गेलो तर आक्का झावळ्या पसरून बसली होती. खाडीकडे तोंड करून. कोयती सपासप चालत होती, बाजूला पाच-सहा केरसुण्या बांधून तयार.

"जेवलंस?" मी विचारलं.

"कधीच. तुझी वाट बघून भूक मारतलंय काय मी?"

तेवीस वर्षांत आक्काने मला असं उत्तर दिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी, ऐन अवसेला, ती तशीच ठीक होती. लक्षात घ्या — ती साठीशांतीला आली नव्हती, देवळात आली नव्हती, पत्रिकेचा घोळ तिला काय, कुणालाच माहीत नव्हता.

मग मला राहवेना. पत्रिकेची लॅमिनेट केलेली प्रत द्यायच्या निमित्ताने काकाच्या घरी गेलो. काकी दारातच हळू आवाजात म्हणाली, "कालपासून असे बसलेत रे, बोलणत नाय." काका पडवीत होता, भिंतीकडे तोंड करून. मांडी रिकामी. डाव्या हाताने पात धरावी आणि उजव्या हाताने सोलावी तसे त्याचे हात हलत होते. या माणसाने जन्मात कधी हीर काढला नव्हता. त्याच्या घरातल्या केरसुण्या आक्का बांधून देते.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, पाठ करून बसलेल्या त्या माणसाकडे बघत मी चांगली दहा मिनिटं उभा होतो, आणि काकीने आणलेला चहा गोड लागला. घरी जाताना शीळ घालावीशी वाटत होती.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. हळूहळू वाडीत बभ्रा झाला. ज्या लोकांनी आक्काबद्दल 'पत्रिकेतच आसा, कोण काय करतलो' म्हटलं होतं, त्यांनी काकाबद्दलही अगदी तेच शब्द वापरले. काकाच्या मुलाला कणकवलीकडचं स्थळ आलं होतं, पसंतीही झाली होती. मुलीकडच्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी नको म्हणून कळवलं. ती बातमी मी दुकानात ऐकली आणि त्या संध्याकाळी सुरमई घेऊन घरी गेलो. आक्काने कारण विचारलं नाही. चवीने खाल्ली.

पावसाच्या तोंडावर काकी दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली, मग म्हणाली, "बाळा, पत्रिका बरोबर आसा मा रे? एकदा बघ."

"असा कित्याक विचारतस?"

"अवशेक बसतत तां आसाच. पण बाकीच्या दिसांकय ह्यो माणूस माझो नाय. कोणाक टाकून बोलणत नाय. परवा गड्यान नारळ चोरल्यान, तर म्हणतत, जांवदे, गरीब आसा. रात्रंदिवस म्हणतत, माझ्या हातून वायट झाला. तेत्तीस वर्सां संसार केलंय, हेंचो असो सोभाव कधी बघूक नाय."

मी म्हटलं बघतो. बघितलं नाही. चार दिवसांनी काका स्वतः आला. आत येऊन स्टुलावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाळा, आक्काचा लगीन मी मोडलंय. खोटा सांगलंय. तेवीस वर्सां तुमच्या दारासमोरसून जातंय, माका कधी काय वाटूक नाय. आता घास जाणा नाय. माका माफ कर रे."

या वाक्याची मी अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. तो हे बोलेल तेव्हा मी काय बोलायचं तेसुद्धा मनात घोळवून ठेवलं होतं. पण समोर बसलेल्या माणसाचे डोळे बघून मी त्याला पाण्याचा ग्लास भरून दिला. ज्याच्यावर सूड घ्यायचा होता तो माणूसच तिथे नव्हता.

तो गेल्यावर मी ती फाईल उघडली आणि 'चंद्र व स्वभाव' हे पान पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. अमावास्येच्या परिच्छेदाखाली लिहिलं होतं — 'जातक अत्यंत क्षमाशील. इतरांचे अपराध मनात ठेवत नाही. आपल्या हातून कुणी दुखावले गेल्यास अन्न गोड लागत नाही.'

ही माझी आक्का होती. शब्दन् शब्द. आणि आम्ही सगळ्यांनी देवाला सांगितलं होतं की हे त्याचं म्हणून मानून घे आणि दुसऱ्या कुणाच्या वाट्याला घालू नको.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. आक्का पडवीत हीर काढत होती, तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. तारीख कशी बदलली, चंद्र कसा उचलला, पान कसं चिकटवलं. तिने कोयती थांबवली नाही.

"गाऱ्हाण्याक तूय व्हय म्हटलंस?" तिने विचारलं.

"म्हटलंय."

"तर मगे माझा सगळा त्येच्याकडे गेला."

"आक्का, मी बरोबर पत्रिका छापतंय. गुरवाक सांगतंय, सगळ्यांसमोर कबूल करतंय, परत गाऱ्हाणा घालतंय. तुझा तुका…" इथे मी थांबलो. तिचं तिला परत म्हणजे काय परत, हे मला बोलता बोलता कळलं.

"नको," आक्का म्हणाली.

"तो आता पयल्यासारखो रवलो नाय. माफी मागता."

"माझ्याकडेय मागल्यान. पाय धरल्यान माझे. पयला असता तर मी रडलंय असतंय, उठवन बसयलंय असतंय तेका. आता बघित रवलंय नुसती. पोटातसून कायच येणा नाय, बाळा."

मग तिने झावळी बाजूला ठेवली आणि शांतपणे सांगितलं की दर अवसेला, मी दुकानात गेल्यावर, ती काकाच्या घरी जाते.

"कित्याक?"

"बाजूक बसतंय त्येच्या. काकी म्हणता, आक्का कशी मायेची. मी बघतंय. तेवीस वर्सां मी कशी दिसत असतलंय, तां माका कधी दिसूक नाय. आता दिसता. बरा वाटता माका."

तिचा आवाज कडवट नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी सांगत होती. आणि या बाईसाठी मी काहीही करीन असं तेवीस वर्षं म्हणत आलोय, त्या बाईची मला त्या क्षणी भीती वाटली.

बरोबर पत्रिका मी छापली. दुकानाच्या खणात आहे. गुरवाचं घर रोजच्या वाटेवर लागतं. आक्काला न विचारताही मी जाऊ शकतो. गेलो नाही. आक्का परत भिंतीकडे वळेल म्हणून गेलो नाही, असं मी स्वतःला सांगतो आणि ते खरं आहे. पण काकाची ती पाठ बघताना मला जे वाटलं होतं तेही खरं आहे, आणि ते अजून गेलेलं नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. काकाचं मी एक वेळ समजू शकतो, भटजींनी वाचलं ते मनाने घेतलं असेल. पण हातांचं काय? आणि आक्काला कुणी काय वाचून दाखवलं होतं? चंद्र माणसाला काही करत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. सॉफ्टवेअर थापा मारतं हेही सांगेन. मग बदललं काय, हे तुमच्यापैकी कुणाला कळलं तर लिहा.

आज अमावास्या आहे. खाडीचं पाणी माडांपर्यंत आलंय. दुकान बंद ठेवून घरूनच हे लिहितोय. आक्काने आंघोळ करून नवी साडी नेसली, वेणीत अबोलीचा वळेसार माळला आणि दारात उभी राहून विचारलं, "येतस माझ्यावांगडा?"

मी म्हटलं, एवढं लिहून होऊदे, मग येतंय.